आषाढातले महाबळेश्वर

माघ महिन्यात, गुरुवारी सकाळी, माझे यजमान वारले. ते सायकलवरून कामावर निघाले होते. स्टेशनजवळ ते उतरले, सायकल झाडाला टेकवली आणि खाली बसले. दवाखान्यात नेले तेव्हा श्वास थांबला होता. त्यांचे वय चौतीस होते. मी शाळेत फळ्यावर तारीख लिहीत होते.

त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. लिहायचे आहे ते त्याच्या आधीच्या आषाढाबद्दल आणि आमच्या घरात तीन वर्षे चाललेल्या एका प्रश्नाबद्दल. प्रश्न असा, की महाबळेश्वरला मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे काही आहे का.

ते नगर जिल्ह्यातले, मी करमाळ्याकडची. दोघांच्याही गावी जमीन सपाट. त्यांच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे देवळाचा कळस. त्यावरून खाली बघण्याचा प्रश्न नव्हता. पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला तेव्हा त्यांना तिथे बाटल्या भरण्याच्या विभागात नोकरी मिळाली आणि आम्ही चिंचवडला राहायला आलो. स्टेशनपासून थोडे आत, गावातल्या एका जुन्या शेतकरी कुटुंबाच्या घरामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मला गावातच मुलींच्या शाळेत जागा मिळाली. घरमालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणायचो.

महाबळेश्वराचे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आले ते मला नक्की माहीत नाही. एकदा जेवताना म्हणाले, "तिथं ढग पायाखाली असतात म्हणे."

मी म्हटले, "असतात असं लिहितात."

"एकदा वरून ढग बघायला पाहिजेत. आयुष्यभर खालूनच बघितले. तेही कधीतरी आले तर."

एवढे बोलून ते जेवत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. त्यांचा स्वभावच तसा होता. चप्पल घ्यायची असली तरी चार जणांना विचारायचे, आणि शेवटी मी सांगेन ती घ्यायची.

पहिल्यांदा त्यांनी मावशींना विचारले. मावशी उन्हात शेंगा निवडत बसल्या होत्या.

"डोंगूर बघाया एवढ्या लांब?" मावशी म्हणाल्या. "हितं काय डोंगूर न्हाईत व्हय? घोरवडेश्वर हाय की. सकाळी चढा, खाली बघा, घरी या. भाकर बी गरम ऱ्हाती."

"तिथं ढग पायाखाली असतात, मावशी."

"पायाखाली ढग घिऊन काय करायचं हाय? त्यो डोक्यावर असला तर पिकाला उपेग." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी समजवा यास्नी. शिकल्याली बाई तुमी."

नंतर मिस्त्रींना विचारले. मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीत त्यांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान होते. इंग्रजांच्या काळात ते पाचगणीला एका साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळे आमच्या ओळखीत महाबळेश्वर पाहिलेले ते एकटेच. एका रविवारी सायकलचे काही काम काढून आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो.

"जायलाच पाहिजे भाऊ," मिस्त्री म्हणाले. "गाडी तापली की आपण उभी करतो. माणसानंही उभं राहावं कधी."

"तुम्हाला काय काय आवडलं तिथलं?"

मिस्त्रींनी हात पुसले. "मला? मी कुठं बघितलं? साहेब पॉइंटला जायचे, मी गाडीपाशी. आणि घाटात ब्रेक बघायचा का दरी?"

"मग जायलाच पाहिजे असं कशावरून म्हणता?"

"साहेब परत यायचे तेव्हा दोन-तीन तास शिवी द्यायचे नाहीत. काहीतरी असणारच ना तिथं."

घरी येताना ते वाटभर हसत होते. चढावर सायकलवरून उतरून चालताना म्हणाले, "हा पुरावा भक्कम आहे. आपण जायचं."

पण जायचे कधी? माझी सुट्टी मे महिन्यात. त्यांच्या कारखान्यात वर्षातून एकदा आठ-दहा दिवस काम बंद ठेवून यंत्रे उघडायचे, धुऊन पुन्हा जोडायचे. त्यांच्या विभागातल्या लोकांना सलग सुट्टी मिळायची ती तेवढीच, आणि ती दरवर्षी आषाढात यायची. मे महिन्यात कोणालाही लग्नकार्याशिवाय रजा मिळत नसे. पहिल्या वर्षी आम्ही म्हटले, बघू. दुसऱ्या वर्षीही तेच म्हटले.

तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "आषाढात गेलो तर काय होईल? तू वाचून सांग."

मला वाचनाची आवड होती, किंबहुना त्याचा थोडा अभिमानच होता. पुण्यातल्या एका वाचनालयातून मी महाबळेश्वराची माहिती देणारे एक जुने इंग्रजी पुस्तक आणले. इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिलेले. त्यात प्रत्येक पॉइंटचे नाव, बाजारापासूनचे अंतर, घोडा कुठे मिळेल, क्लबात केव्हा जमतात, सगळे होते. त्यात सीझन केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो तेही दिले होते. पावसाळ्यापूर्वी साहेब लोक खाली उतरतात, असे लिहिले होते. पावसाचे इंचही दिले होते. ते आकडे मला एखाद्या परक्या देशाच्या लोकसंख्येसारखे वाटले. मी पान उलटले.

त्या रात्री मी त्यांना जे सांगितले ते मला शब्दन् शब्द आठवते. "सीझन म्हणजे साहेबांच्या मेजवान्यांचा काळ. नाच, क्रिकेट, घोडे. साहेब गेले, त्यांचा सीझनही गेला. डोंगर काही खाली उतरत नाही. उलट आषाढात गर्दी नसेल."

"आणि पाऊस?"

"चिंचवडचे तीन पावसाळे काढलेत की आपण."

हे मी खरोखर विश्वासाने म्हटले. करमाळ्याच्या मुलीला पवनेला आलेला पूर म्हणजे पावसाची शेवटची पायरी वाटली होती. ज्या गावी पाऊस तीन दिवस पडला तर वर्षभर त्याची आठवण काढतात, तिथून आलेली आम्ही माणसे. चिंचवडला आठवडाभर कपडे वाळत नाहीत हे पाहून आम्हाला वाटले, आता पाऊस म्हणजे काय ते कळले.

त्यांनी आणखी कोणाला विचारले नाही. माझ्या वाचनावर त्यांचा भरवसा होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला चार दिवसांची रजा दिली, पण नाखुशीने. आम्ही सकाळच्या एसटीने पुण्याहून निघालो. वाईपर्यंत सगळे ठीक होते. पसरणीच्या घाटात काचेबाहेरचे दिसेनासे झाले. पाचगणीला जवळजवळ सगळी गाडी रिकामी झाली. आम्ही दोघे, टपालाच्या थैल्या आणि कोंबड्यांची पाटी घेऊन निघालेला एक म्हातारा, एवढेच उरलो.

कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही. फिरायला."

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिले. "ऐकलं का राव, फिरायला आलेत."

"फिरू दे की," ड्रायव्हर मागे न वळता म्हणाला. "माणसं नाही फिरली तर छत्री फिरंल."

कोंबड्यांच्या पाटीवाला म्हातारा बराच वेळ हसत राहिला. मी खिडकीकडे तोंड केले. ते मात्र कंडक्टरला विचारत होते की वर छत्री विकत मिळेल का.

वर काहीच मिळत नव्हते. बाजारातल्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या होत्या. घरांच्या भिंतींना बाहेरून गवताचे जाड थर बांधून ती वरपासून खालपर्यंत झाकलेली होती, एखाद्या आजारी माणसाला पांघरुणात गुंडाळावे तशी. हॉटेले बंद. पाऊस वरून पडत नव्हता, सगळीकडून येत होता. माझी छत्री पहिल्या वळणावरच उलटी झाली आणि ड्रायव्हरचे म्हणणे खरे ठरले.

एका घरातून धूर येत होता. तो चणे भाजणाऱ्याचा निघाला. सीझनमध्ये बाजारात दुकान, पावसाळ्यात घर बंद करून आत राहायचे, असा त्यांचा रिवाज. त्याच्या बायकोने दार उघडले, आम्हाला पाहिले आणि काही न विचारता आत घेतले. भट्टीजवळ बसवून चहा दिल्यावर मग विचारले.

"ताई, तुम्हाला या दिवसात इथं यायला सांगितलं तरी कुणी?"

मी मान खाली घातली. मी तोंड उघडण्याआधी ते म्हणाले, "मीच काढलं. मला ढग बघायचे होते."

चणेवाले हसले. "मग बघा की. तुम्ही त्याच्यातच बसलाय."

दोन रात्री आम्ही त्या घरात राहिलो. त्यांनी आमच्याकडून काही घेतले नाही. निघताना मी त्या बाईंच्या हातात माझ्याकडचे कोरे लुगडे ठेवले तेवढेच. आमचे ओले कपडे चण्याच्या भट्टीवर दोरी बांधून वाळवायचे. सगळ्या कपड्यांना भाजक्या चण्याचा वास लागला. संध्याकाळी पाच वाजताच दिवा लावायला लागायचा. त्या बाई वर्षाची लाकडे, धान्य, मीठ, घासलेट कसे आधी भरून ठेवतात ते मला सांगत बसायच्या, आणि पलीकडे ते चणेवाल्यांकडून वाळूत चणे कसे परतायचे ते शिकत बसायचे. घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, "कारखान्यापेक्षा हे बरं. इथं बाटली फुटत नाही."

लग्नाला सहा वर्षे झाली होती. दिवसभर दोघे एका जागी, कोणाला शाळा नाही, कोणाला शिफ्ट नाही, असे आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो. मला तेव्हा ते कळले नाही. मी सारखी मनात स्वतःला दोष देत होते, आणि दोष देण्यात ते दोन दिवस निम्मे वाया घालवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चणेवाल्यांनी दोन इरली दिली. इरले म्हणजे पानांची मोठी ढाल, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पाठ झाकणारी. ती पांघरून, चणेवाल्यांच्या मागोमाग आम्ही जवळच्या एका पॉइंटला गेलो. कठड्यापाशी पोचल्यावर चणेवाले म्हणाले, "आता ही दरी," आणि आम्हाला तिथे सोडून झाडाखाली बिडी ओढायला गेले.

समोर पांढरे होते. दूध ओतावे तसे नाही, धूर नाही, नुसते पांढरे. कठडा ओला आणि खडबडीत. यजमानांनी इरल्यातून हात बाहेर काढला आणि कठड्याच्या पलीकडे लांब केला. मनगटापुढचा हात दिसेना.

"खाली काहीतरी आहे," ते म्हणाले. "पाण्याचा आवाज येतोय."

मी म्हटले, "माझं चुकलं. पुस्तकात लिहिलेलं होतं. मी नीट वाचलं नाही."

त्यांनी हात पुन्हा इरल्यात घेतला. म्हणाले, "ढग पायाखाली नाहीत, पण पायाला लागलेत."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. हे बघ, ही खेप आपण धरायचीच नाही. आपण महाबळेश्वरला आलोच नाही असं समजायचं. मे महिन्यात येऊ आणि मग ठरवू, येण्यासारखं आहे का नाही ते."

"मे महिन्यात तुम्हाला रजा मिळत नाही."

"मिळवू."

आम्ही तिथे अर्धा तास तरी उभे होतो. चणेवाल्यांच्या तीन बिड्या झाल्या असतील. पांढऱ्यात काही बदल झाला नाही.

चिंचवडला आल्यावर मावशींनी विचारले, "काय बघितलं मग?"

"पांढरं," ते म्हणाले.

"आनी?"

"आणि काही नाही."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. कारखान्यात ही गोष्ट कशी पोचली माहीत नाही, पण महिनाभर त्यांना सगळे विचारत होते, "काय साहेब, सीझन कसा होता?" कोणी पावसात भिजून आला की म्हणायचे, "हा पण महाबळेश्वरला जाऊन आला." ते हसून ऐकून घ्यायचे. आषाढात जायचे हे कोणी ठरवले, हे त्यांनी एकालाही सांगितले नाही. मला ते कारखान्यातल्या एका सोबत्याकडून कळले, नंतर.

तो सोबती त्यांच्या तेराव्यानंतर घरी आला. कारखान्यातल्या कपाटातल्या त्यांच्या वस्तू पिशवीत घेऊन आला होता. टॉवेल, जेवणाचा डबा, कंगवा. पिशवी ठेवून बराच वेळ उभाच राहिला. मी बसा म्हटले तेव्हा बसला.

"वहिनी, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मे महिन्याची त्यांची रजा मंजूर झाली होती. आठ दिवस."

मी पिशवीतला टॉवेल काढून त्याची पुन्हा घडी घातली.

"आम्ही तिघांनी आपापल्या पाळ्या बदलून दिल्या होत्या. साहेबाला लग्न आहे म्हणून सांगितलं. तुम्हाला सांगायचं नव्हतं त्यांना, वेळ आल्यावर सांगणार होते." मग तो म्हणाला, "आम्ही फार चेष्टा करायचो त्यांची. ते म्हणायचे, माझ्याच हट्टानं झालं, बायको बिचारी नको म्हणत होती."

तो गेल्यावर मी मराठी चौथीच्या वह्या तपासल्या. त्या दिवशी वह्या तपासायच्या होत्या.

त्या वर्षीचा मे महिना सुतकातच गेल्यासारखा गेला. वर्ष होईपर्यंत कुठे जायचा प्रश्न नव्हता. पण दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ सोलापूरहून मुद्दाम आला. तो वकिलीचे शिकत होता आणि जुन्या चालीरीती त्याला मान्य नव्हत्या.

"ताई, मे महिन्यात मी तुला महाबळेश्वरला नेतो," तो म्हणाला. "आई काय म्हणेल ते मी बघतो. लोकांचंही बघतो."

"लोकांची मला भीती नाही."

"मग? त्यांची इच्छा होती ना? तू बघितलंस तर ती पुरी होईल."

मी त्याला विचार करते म्हणाले. आणि खरोखर दीड महिना विचार केला. शाळेत जाता-येता, स्वयंपाक करताना. एखादे गाव पाहण्यासारखे आहे की नाही यावर इतका विचार कोणी केला नसेल. मला जायचे नव्हते असे नाही. फार जायचे होते. कठड्याच्या पलीकडे त्यांचा हात जिथे दिसेनासा झाला होता, तिथे काय आहे ते मला बघायचे होते. किती खोल आहे, पाण्याचा आवाज कुठून येत होता. रात्री झोप लागेपर्यंत मी त्या पांढऱ्याच्या मागे काय असेल ते मनात उभे करायचे. कधी हिरवी दरी यायची, कधी करमाळ्याचे सपाट रान.

पण त्यांनी म्हटले होते, ती खेप धरायची नाही. धरायची ती पुढची, दोघांची. मी भावाबरोबर गेले, उन्हात सगळे पॉइंट पाहिले, तर धरण्याजोगी खेप ती होईल. महाबळेश्वर म्हटले की मला दरी आठवेल, घोडे आठवतील, भाऊ आठवेल. आणि ज्यात त्यांचा आवाज आहे ते पांढरे, ते आपोआप न धरलेल्या खेपेत जाईल. जिवंत माणूस एखादी गोष्ट मोजू नको म्हणाला तर ऐकावे. तो गेल्यावर तीच एक गोष्ट उरली असेल तर कसे ऐकावे, हे मला वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

एप्रिलच्या अखेरीस मी भावाला पत्र लिहिले की मी येत नाही. कारण लिहिले नाही. त्याला वाटले आईने अडवले. तो आईशी सहा महिने नीट बोलला नाही, तेही मला उशिरा कळले.

हा निर्णय बरोबर होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. काही सकाळी वाटते, जायला हवे होते. त्यांनी तीन माणसांच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या, खोटे लग्न सांगितले होते, ते मला वरून ढग दाखवायला. मी तेही पाहिले नाही. पुन्हा एकदा माझेच वाचन खरे मानले.

आता आमच्या भागात नवीन कारखाने येत आहेत, नवीन बिऱ्हाडे येतात. गेल्या वर्षी शेजारच्या खोलीत एक नवे जोडपे आले, मराठवाड्यातले. ती मुलगी मला विचारायला आली.

"बाई, मावशी सांगत होत्या, तुम्ही महाबळेश्वरला जाऊन आलात. आमचे हे म्हणतात जाऊ या. जाण्यासारखं हाय का हो?"

मी तिला बसवले. मला वाटले होते असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. पण उत्तर तयार होते.

"जा," मी म्हटले. "मे महिन्यात जा. आषाढात नको."

"आणि बघायचं काय काय?"

"ते तिथं गेल्यावर कळेल. एकमेकांना सोडून बसू नका, एवढंच."

ती लाजली आणि गेली. मे महिन्यात ती दोघे जाऊन आली. चार दिवस ती मला सांगत होती, दरी किती खोल, उतरत्या उन्हात डोंगर कसे निळे होतात, ढग खरेच खाली असतात. मी सगळे ऐकले. मध्ये तिने विचारले, "तुम्हाला कोणता पॉइंट आवडला?" मी म्हटले, "आम्ही एकाच ठिकाणी गेलो होतो. तिथं फार वेळ उभे होतो."

आता मी या दोन खोल्यांत एकटी राहते. शाळा चालू आहे. मे महिन्यात मला सहा आठवडे सुट्टी असते, आणि ती मी चिंचवडलाच काढते.